बिल २६० वरून ४०० युनिटवर गेलं, ऑडिट करू की सोलर बसवू? – आधी मीटरवरचा लाल दिवा मोजा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे असं आहे की कोल्हापुरात फुलेवाडीत बारा वर्षांचं दुमजली रो हाऊस, वर उघडा स्लॅब, एसी नाही, सगळे बल्ब एलईडी केलेत, तरी गेल्या वर्षी महिन्याला २६० युनिटच्या आसपास असलेला वापर आता ३८० ते ४२० वर गेलाय. मिस्टर म्हणतात मीटर फास्ट आहे, सोलरवाला म्हणतो तीन किलोवॅट टाका आणि विसरून जावा, आणि तुम्ही विचारताय की घराचं एनर्जी ऑडिट (म्हणजे कुठं किती वीज जाते त्याची मोजणी) करून घ्यावं का, ते करतं कोण आणि त्यातनं हाती काय लागतं. मधेच एका ओळीत तुम्ही लिहिलंय की सासू-सासरे दिवाळीपासून गावाकडनं इथं राहायला आलेत, आणि अजून एक की इन्व्हर्टर आहे पण हल्ली लाइट फारशी जात नाही म्हणून त्याच्याकडं कुणाचं लक्ष नाही. या दोन ओळी तुम्ही सहज लिहिल्यात, पण मला तिथंच जास्त रस आहे.

माझं सांगतो. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मेंटेनन्सला बरीच वर्षं काढली, मग कारखान्यांचं ऑडिट करणाऱ्या टीमबरोबर फिरलो, आता ओळखीपाळखीत घरं पण बघून देतो. फौंड्रीत पाचशे किलोवॅटची फर्नेस पाऊण तास फुल लोडवर चालली की तुमचं अख्ख्या महिन्याचं बिल तिथं वितळून गेलं. तिथं एक सवय लागली की मोजल्याशिवाय काही विकत घ्यायचं नाही. घरात लोक बरोबर उलटं करतात, आधी पंखा आणतात, मग फ्रिज आणतात, मग विचारतात की बिल का उतरेना.

तर तुमचा खरा प्रश्न 'काय बदलू' हा नाहीच, ते वाढलेले १४० युनिट कुठं चाललेत हा आहे. आधी माणसांचा हिशोब लावू. दोन माणसं वाढली म्हणजे अंघोळीच्या दोन बादल्या वाढल्या. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी, एक लिटर पाणी एक डिग्रीनं तापवायला एक किलोकॅलरी, त्यामुळं वीस लिटरची बादली साधारण १८ डिग्रीनं तापवली तर ३६० किलोकॅलरी, म्हणजे अंदाजे ०.४२ युनिट. दोन बादल्या रोज, महिन्याला २५ युनिट. म्हातारी माणसं दिवसभर घरात, म्हणजे जो पंखा पूर्वी बंद असायचा तो आता चालू. जुना पंखा ७५ वॅट धरा, रोजचे १८ तास जादा (दोन पंख्यांचे मिळून) धरले तर महिन्याला ४० युनिट. टीव्ही सहा तास जादा, १५-१६ युनिट. झाले ऐंशी. यात चूक कुणाची नाही, घरात माणसं राहायला आली की वीज लागणारच, आणि कृपा करून या आकड्यांवरनं घरात सासऱ्यांच्या टीव्हीवर चर्चा काढू नका. उरलेले साठ युनिट मात्र माणसांचे नाहीत. ते शोधायचे.

सुरुवात बिलापासनं. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि रुपये बघू नका, फक्त युनिट आणि रीडिंगच्या दोन तारखा बघा. एक रीडिंग २८ दिवसांनी आणि पुढचं ३४ दिवसांनी झालं तर काहीही न करता वापर वाढल्यासारखा दिसतो, म्हणून युनिट भागिले दिवस करा. एखाद्या महिन्यात रीडिंग न घेता सरासरी बिल आलं असेल तर पुढच्या महिन्यात तो फरक अंगावर येतो, ते पण बघा. आणि दराचे स्लॅब लक्षात घ्या, ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असे टप्पे आहेत आणि तीनशेच्या वरचं युनिट पहिल्या शंभरातल्या युनिटच्या दुपटीपेक्षा महाग पडतं, वर १६ टक्के वीज शुल्क आहेच. म्हणून तुमच्या घरी जे पहिले शंभर युनिट वाचतील ते सगळ्यात महागातले वाचतील. तिथनं खाली प्रत्येक युनिटची किंमत कमी होत जाते आणि तेवढ्यासाठी खर्च करायचा का हा प्रश्न बदलतो.

आता मुख्य काम, आणि हे फुकट आहे. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. मीटरच्या पाटीवर बारीक अक्षरात एका युनिटला किती इम्पल्स ते छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर ३२०० असतं, काहींवर १६००. ३२०० असेल तर दोन लुकलुकण्यांच्या मधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, तेवढे वॅट त्या क्षणाला घरात चाललेत. १६०० असेल तर २२५० ला भागायचं. उदाहरणार्थ ३२०० च्या मीटरवर १५ सेकंदांनी एकदा लुकलुकला तर ७५ वॅट, म्हणजे जेमतेम एक पंखा.

रविवारी सकाळी सगळे घरात असताना करा. घरातली सगळी बटणं बंद, फ्रिजचा प्लग काढा, टीव्ही-सेट टॉप बॉक्स-वायफाय भिंतीवरनं बंद, इन्व्हर्टर नुसता समोरच्या बटणावर बंद करून चालत नाही, त्याची मेनची पिन काढा. मग मीटरसमोर घड्याळ घेऊन पाच मिनिटं उभं राहा. पाच मिनिटांत एकदाही लुकलुकला नाही तर चार वॅट (१६०० च्या मीटरवर आठ) पण जात नाहीत, वायरिंग स्वच्छ आहे, सुखानं चहा घ्या. लुकलुकला तर मेन स्विच पाडा. मेन पाडून पण लुकलुकतोय म्हणजे भानगड मेनच्या आधी आहे, कुणीतरी मधनं वायर घेतलीय किंवा मीटरमध्येच काहीतरी आहे, तिथं हात लावायचा नाही, महावितरणला तक्रार द्यायची. मीटरचं सील तोडणं हा गुन्हा आहे, वायरमन कितीही म्हणाला तरी.

मेन पाडल्यावर थांबतो पण मेन चालू करून सगळे एमसीबी (प्रत्येक लाइनचे वेगळे स्विच) पाडले तरी लुकलुकतो, असं झालं तर न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, दुसऱ्या मीटरच्या लाइनशी मिक्स झालाय असं समजा. हे मी राजारामपुरीत एका घरात बघितलं. खाली मालक, वर भाडेकरू, मीटर दोन. वरच्या बाथरूमचं काम करताना वायरमननं जवळ सापडला म्हणून खालच्या लाइनचा न्यूट्रल वर घेतला होता. हल्लीचे बहुतेक इलेक्ट्रॉनिक मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीतला करंट बघतात आणि जो जास्त तो धरतात, त्यामुळं वरच्यांचा फ्रिज चालला की वरच्या मीटरला फेजमधनं नोंद आणि खालच्या मीटरला न्यूट्रलमधनं नोंद. एकाच फ्रिजचं बिल दोन घरं दीड वर्ष भरत होती, आणि दोघं पण एकमेकांवर संशय घेऊन बोलायचे बंद झाले होते. दुरुस्तीला अर्धा तास लागला, बोलायला लागायला जरा जास्त. तुमचं रो हाऊस आहे, वर भाडेकरू नाही, तरी बोअरची मोटर किंवा कॉमन लाइट शेजाऱ्यांबरोबर सामायिक असेल तर हे तपासाच.

आणि एमसीबी पाडल्यावर थांबतोय, म्हणजे एखाद्या लाइनवर लीकेज आहे. एकेक एमसीबी चढवत जावा, कुठल्यावर सुरू होतं ते कळतं. शाहूपुरीत एक घर होतं, २०१९ च्या महापुरात तळमजला पाण्यात, २०२१ ला परत. भिंती रंगवून झाल्या, पण भिंतीतल्या पाइपातल्या वायरी त्याच ठेवल्या. पावसाळ्यात आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की लाइन तोडणारा स्विच) सारखी ट्रिप व्हायची म्हणून कुणीतरी ती बायपास करून दिली आणि सगळे खूष. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा) लावला तर दोनशे मिलीअँपिअर जमिनीत चाललेले, म्हणजे ४६ वॅट, चोवीस तास, महिन्याला ३३ युनिट. पण युनिटचं सोडा ओ, तीस मिलीअँपिअरला ट्रिप व्हायला पाहिजे ती वस्तू माणूस वाचवायला असते, त्या घरात जिन्याच्या भिंतीला हात लावला की मुंग्या यायच्या आणि लोक म्हणायचे ओल आहे म्हणून. तुमच्या डीबीत (एमसीबीच्या पेटीत) आरसीसीबी आहे का आणि तिचं टेस्टचं बटण दाबल्यावर ती पडते का, एवढं आजच बघा. डीबी उघडून आत मात्र स्वतः काही करू नका, लायसनवाला माणूस बोलवा.

आता तुमच्या साठ युनिटबद्दल माझा अंदाज. अंदाजच आहे, बघितल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही, पण मला इन्व्हर्टरची बॅटरी वाटतेय. लोडशेडिंगच्या काळात आपल्याकडं घरोघरी इन्व्हर्टर आले, लोडशेडिंग गेलं, इन्व्हर्टर जिन्याखाली तसेच आहेत. चांगली बॅटरी फुल झाली की थोडासाच करंट घेते. म्हातारी झालेली लेड अ‍ॅसिड बॅटरी कधी फुल होतच नाही, आत पाणी उकळत राहतं, हात लावला तर कोमट लागते, आणि इन्व्हर्टर तिला बिचारा दिवसरात्र चार्ज करत बसतो. साठ वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला ४३ युनिट. लाइट गेल्यावर पंखा दहा मिनिटांत बसतो का, डिस्टिल्ड वॉटर महिन्या-दोन महिन्याला घालावं लागतं का, ही दोन लक्षणं. तपासायला सोपं आहे, घर नेहमीसारखं चालू असताना, फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद असलेल्या वेळी सेकंद मोजा, मग इन्व्हर्टरची मेन पिन काढून घरच्या वायरिंगवर बायपास करून (म्हणजे घर बॅटरीवर न जाता थेट मेनवर चालेल असं करून) परत मोजा. फरक पंधरा-वीस वॅट आला तर ठीक, पन्नासच्या वर आला तर चोर सापडला.

चोवीस तास चालणाऱ्या बाकीच्या किरकोळ गोष्टी पण मिळून बऱ्याच होतात. सेट टॉप बॉक्स रिमोटनं बंद केला तरी जवळपास तेवढीच वीज खातो, दहा वॅटचा धरला तरी महिन्याला सात युनिट, तुमच्याकडं दोन आहेत. भिंतीवरचं बटण बंद करा, संपलं. मोबाइल चार्जर प्लगला राहिला म्हणून घरात भांडणं होतात ती मात्र उगाच, तो अर्धा वॅट पण खात नाही.

फ्रिज. तुमचा चौदा वर्षांचा डबल डोअर आहे. ऑनलाइन हजार-दीड हजारात प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर मिळतं, ते गल्लीत चौघांनी मिळून घेतलं तरी चालतं. फ्रिजला तीन दिवस लावा, एका दिवसावर जाऊ नका कारण पाहुणे आले की आकडा बदलतो. रोज दीड युनिटच्या आत असेल तर गपगुमान वापरत राहा. अडीचच्या वर असेल तर आधी दाराचं रबर बघा, दारात नोट धरून ओढा, सहज निघाली तर रबर गेलंय. मागं भिंतीला चिकटवलाय का, मागची जाळी धुळीनं भरलीय का, शेजारी गॅसची शेगडी आहे का. हे सगळं करून पण उतरेना तर मग नवीन घ्या, आणि घेताना स्टार मोजू नका, लेबलवर वर्षाला किती युनिट ते छापलेलं असतं ते वाचा. स्टारचे निकष अधनंमधनं कडक होतात, त्यामुळं जुन्या पाच स्टारचा आणि आजच्या पाच स्टारचा मेळ लागत नाही. आणि जुना फ्रिज घराबाहेर जायलाच पाहिजे. हे मी चुकून शिकलो. एका मित्राला हिशोब करून नवीन फ्रिज घ्यायला लावला, तीन महिन्यांनी त्याचा फोन की बिल उलट वाढलं. जाऊन बघतो तर जुना फ्रिज वरच्या मजल्यावर, आत पाण्याच्या सहा बाटल्या आणि एक आंब्याची पेटी.

गरम पाण्यात तुमचे बहुधा सगळ्यात जास्त युनिट असतील, सहा माणसांचे ७५ च्या पुढंच. इन्स्टंट बरा की स्टोरेज यावर लोक तासभर वाद घालतात, पण पाणी तापवायला लागणारी वीज दोन्हीकडं तेवढीच, फरक पडतो तो तापवून ठेवलेलं पाणी गार होण्यात. सकाळी सहाला गीझर लावून नऊला शेवटचा माणूस अंघोळ करणार असेल तर मधे तो चार वेळा तापतो. एकामागं एक अंघोळी उरका, थर्मोस्टॅट साठवरनं पन्नासच्या आत आणा, एवढ्यानं दहा-पंधरा युनिट जातात. सोलर वॉटर हीटर सहा माणसांच्या घराला मला पटतो, २०० लिटरचा, पण बोअरचं जड पाणी असेल तर नळ्यांत क्षार धरतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं ऊन कधी दिसतं हे मी सांगायला नको, तेव्हा गीझर ठेवावाच लागतो. गावाकडनं बंब आणलाय का हो सासऱ्यांनी? असेल तर मागच्या अंगणात लावा, मी थट्टा करत नाही, जागा आणि जळण असलेल्या घरात तो अजून स्वस्त पडतो, फक्त धूर घराबाहेर गेला पाहिजे. पण बिल वाचवायला म्हणून बंद बाथरूममध्ये गॅस गीझर अजिबात बसवू नका, कार्बन मोनॉक्साइडनं माणूस अंघोळ करता करता जातो. बसवायचाच तर बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर.

पाण्याच्या मोटरचं एक बघा, टाकी भरायला पूर्वी किती मिनिटं लागायची आणि आता किती. एक एचपीची मोटर तासाला साधारण एक युनिट खाते. वेळ वाढली असेल तर फूट व्हॉल्व्ह गळतोय किंवा इंपेलर झिजलाय. टाकी भरून वाहते तोवर मोटर चालू ठेवायची सवय असेल तर त्यावर मी काय बोलणार.

पंखे: रोज बारा तास चालणारे जेवढे आहेत तेवढेच बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) करा. ७५ वॅटच्या जागी ३० वॅट, एका पंख्याला महिन्याला सोळा युनिट वाचतात, तुमच्या दराच्या स्लॅबला तो पंखा दीड-दोन वर्षांच्या आतबाहेर पैसे फेडतो. पाहुण्यांच्या खोलीतला बदलून काही होत नाही. सासू-सासऱ्यांच्या खोलीपासनं सुरू करा. वरच्या खोल्या एप्रिल-मेमध्ये तापत असतील तर गच्चीच्या स्लॅबवर पांढरा हीट रिफ्लेक्टिव्ह रंग किंवा चायना मोझॅक करून घ्या. बिलात त्याचा फरक तुम्हाला कमी दिसेल कारण एसीच नाही, पण वरच्या मजल्यावर झोपता येईल आणि एसी घ्यायचा विषय दोन उन्हाळे पुढं जाईल. बल्ब तुम्ही केलेतच, तिथं आता काही शिल्लक नाही.

मीटर फास्ट ही आपल्याकडची कट्ट्यावरची लाडकी थिअरी. इतक्या वर्षांत मला खरोखर फास्ट मीटर अगदी मोजके भेटलेत, आणि न्यूट्रलच्या, लीकेजच्या, बॅटरीच्या भानगडी भरपूर. तरी मिस्टरांचं समाधान व्हायला पाहिजे, तर घर पूर्ण बंद करून हजार वॅटचा पाणी तापवायचा रॉड बादलीत टाकून लावा, ३२०० च्या मीटरवर एका मिनिटात साधारण ५३ वेळा लुकलुकायला पाहिजे. पाच-सहा कमी आले तरी घाबरू नका, व्होल्टेज २२० असलं तर रॉडच कमी वीज घेतो. सत्तर आले तर मात्र महावितरणकडं मीटर तपासणीचा अर्ज करा, त्याची फी असते, आणि अर्जासोबत तुम्ही मोजलेले आकडे लिहा.

ऑडिट कोण करतं? ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची परीक्षा पास झालेले सर्टिफाइड एनर्जी ऑडिटर असतात, पण ते कारखाने, हॉस्पिटलं, मोठ्या इमारती बघतात, तुमच्या एका घरासाठी त्यांची फी निघणार नाही. वर लिहिलेलं सगळं केलं की ऑडिटचा बराचसा भाग झाला. राहतं ते लीकेजचं मोजमाप, त्याला क्लॅम्प मीटर असलेला चांगला लायसनवाला इलेक्ट्रिशियन पुरतो. फुकट ऑडिट करतो म्हणणारा माणूस सोबत कोटेशन घेऊन आला असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता सोलर. मी विरोधात अजिबात नाही, माझ्याच गच्चीवर आहे. पण आधी गळती, मग सोलर. एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीनं महिन्याला १२० युनिटच्या आसपास देतो. आज ४०० वर बसवलं तर तीन किलोवॅट पाहिजेत. साठ युनिटचा चोर काढला, दोन-तीन पंखे आणि गीझरची सवय बदलली आणि वापर २८०-३०० वर आला, तर दोन किलोवॅटमध्ये काम बरचसं भागतं. पीएम सूर्य घर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला ३०,००० प्रमाणे ६०,००० सबसिडी, आणि तीन किंवा जास्तला एकूण ७८,०००, म्हणजे तिसऱ्या किलोवॅटला फक्त १८,००० मिळतात, बाकी तुमच्या खिशातनं. तो तिसरा किलोवॅट बिघडलेली बॅटरी उकळवायला लावायचा का, एवढाच माझा प्रश्न आहे. बाकी गच्चीवर सावली कशाची पडते, शेजारी मजला चढवणार आहेत का, पुढं एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचा विचार आहे का, यावर उत्तर बदलतं. स्कूटर घेणार असाल तर तीनच बसवा.

रविवारी दिवा मोजून झाला की इथंच लिहा: सगळं बंद असताना किती सेकंद, इन्व्हर्टर लावून किती आणि काढून किती, आणि बारा महिन्यांचे युनिट. मीटरवर ३२०० लिहिलंय की १६०० ते आठवणीनं टाका, नाहीतर नुसत्या सेकंदांचा मला काही उपयोग नाही.